एलडीएल ११०, रिपोर्ट ‘नॉर्मल’. मग चरबीची गोळी कशाला?

‘माझे बाबा ६३ वर्षांचे आहेत. महिन्याभरापूर्वी सकाळी चहा घेताना त्यांच्या उजव्या हातातून कप निसटला, बोलणं अडखळायला लागलं. वीसेक मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. एमआरआय स्वच्छ आला, ईसीजीही ठीक. मानेच्या डॉपलरमध्ये (रक्तवाहिन्यांच्या सोनोग्राफीत) मात्र डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत ४० टक्के अडथळा निघाला. डॉक्टरांनी टीआयए सांगून रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या, बीपीची एक आणि ॲटोर्वास्टॅटिन ४० सुरू केली. लिपिड रिपोर्ट असा आहे: एकूण कोलेस्टेरॉल १८६, ट्रायग्लिसराइड २१०, एचडीएल ३४, व्हीएलडीएल ४२, एलडीएल ११०. एलडीएलसमोर लॅबनेच ‘१३०च्या आत’ असं छापलंय. शेजारचे काका म्हणतात, या गोळीने मेंदूत रक्तस्राव होतो, विसरभोळेपणा येतो, शुगर लागते. त्यात बाबांच्या पोटऱ्या दुखायला लागल्या, म्हणून दहा दिवसांपासून त्यांनी चरबीची गोळी बंद केली आहे. रिपोर्ट नॉर्मल असताना एवढी मोठी गोळी कशाला? पथ्याने भागणार नाही का? तर्री पोहे आणि रविवारचं सावजी ते सोडत नाहीत, खर्राही (तंबाखू-सुपारी) चालूच आहे. गोळीवर संत्री चालतात का आणि माझ्या ३६ वर्षांच्या भावाने टेस्ट करावी का, हेही सांगा.’
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

ताई, पुढचं वाचण्याआधी बाबांच्या डॉक्टरांना फोन करा आणि गोळी दहा दिवसांपासून बंद असल्याचं सांगा. पुढच्या तारखेची वाट पाहू नका. टीआयए म्हणजे मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडून आपोआप सुरू होणं. त्यानंतर खऱ्या झटक्याचा, म्हणजे लकव्याचा, धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो, पण पहिले तीन महिनेही जोखमीचेच असतात आणि बाबा त्यातच आहेत. लघवी कोकसारखी गडद होत असेल, किंवा मांड्यांत इतकी अशक्तता असेल की खुर्चीतून उठवत नाही, तर गोळी बंदच ठेवून त्याच दिवशी दाखवा. तसं काही नसेल तर डॉक्टर बहुधा तीच गोळी, कमी डोस किंवा दुसरी स्टॅटिन (ॲटोर्वास्टॅटिनच्याच कुळातली गोळी) सुरू करतील. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत ना, याचीही खात्री करा. अशा वेळी माणूस एक गोळी सोडतो आणि त्याबरोबर अख्खी पिशवीच कपाटात जाते.

आता ‘नॉर्मल’बद्दल. एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल. त्यासमोर लॅबने छापलेली १३०ची मर्यादा ज्याला आजवर काहीच झालेलं नाही अशा माणसासाठी आहे. लॅबच्या संगणकाला बाबांचा डॉपलर माहीत नाही, उजवा हात वीस मिनिटं गेला होता हेही माहीत नाही. उजवा हात आणि बोलणं दोन्ही मेंदूच्या डाव्या भागाकडे असतात आणि त्या भागाला रक्त डाव्या मानेतून जातं. अडथळाही नेमका डावीकडे आहे. म्हणून डॉक्टरांनी या दोन गोष्टींचा संबंध लावला. अशा रुग्णाचा एलडीएल ‘१३०च्या आत आहे ना’ एवढं बघून चालत नाही, तो किती खाली नेता येईल हे बघतात. अमेरिकेच्या २०२१च्या मार्गदर्शक तत्त्वांत, रक्तवाहिनीतल्या चरबीच्या थरामुळे झटका किंवा टीआयए आलेल्यांसाठी ही मर्यादा ७० मिलिग्रॅमच्या खाली आहे. भारतीय लिपिड असोसिएशन अतिजोखमीच्या रुग्णांसाठी ५०च्या खाली म्हणते. बाबांचा ११० या दोन्हींच्या कितीतरी वर आहे.

हा थर बनतो कसा, ते थोडक्यात. चरबी रक्तात विरघळत नाही, म्हणून ती प्रथिनाच्या वेष्टणातल्या सूक्ष्म कणांतून फिरते. हे कण म्हणजे लिपोप्रोटीन. एलडीएलचे कण रक्तवाहिनीच्या अस्तरातून आत शिरतात आणि तिथेच अडकतात. शरीराच्या पेशी त्यांना गिळायला जातात, सूज येते आणि वर्षानुवर्षं तिथे थर साचत जातो. त्यावर एक पातळ आवरण असतं. ते फाटलं की जागेवर गुठळी धरते आणि तिचा तुकडा सुटून मेंदूत जातो. म्हणजे संकट ४० टक्क्यांच्या अडथळ्यातही येऊ शकतं, नळी पूर्ण बंद व्हावी लागत नाही. स्टॅटिन एलडीएल कमी करतेच, शिवाय थराची सूज उतरवून आवरण जाड करते. (ऑपरेशन का सांगितलं नाही, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण घरात निघालाच असेल. मानेच्या शस्त्रक्रियेचा स्पष्ट फायदा ७० टक्क्यांच्या पुढच्या अडथळ्यात दिसतो, ५० ते ६९मध्ये निवडक रुग्णांना, ५०च्या खाली नाही.)

४०चाच डोस का? ॲटोर्वास्टॅटिन १० मिलिग्रॅमने एलडीएल साधारण ३५ ते ४० टक्के उतरतो. त्यापुढे डोस दुप्पट केला की दरवेळी आणखी फक्त सहा टक्क्यांच्या आसपास भर पडते. ४०ला घट जेमतेम ५० टक्क्यांवर पोचते. ११०चे निम्मे ५५. म्हणजे १०ची गोळी बाबांना ७०च्या काठावर सोडेल आणि ४०ची मर्यादेच्या आत नेईल. तेवढ्यानेही भागलं नाही तर ८० करण्यापेक्षा एझेटिमाइब १० जोडणं बरं. ती आतड्यातून होणारं कोलेस्टेरॉलचं शोषण अडवते आणि उरलेल्या एलडीएलमधून साधारण पाचवा हिस्सा आणखी कमी करते. दोन्ही औषधं जेनेरिकमध्ये मिळतात, जनऔषधी केंद्रात विचारा. पंधरा दिवसांनी किंवा सहा महिन्यांनी घ्यायची महागडी इंजेक्शनंही आता आहेत, पण या दोन गोळ्या नीट घेतल्यावरही आकडा हटला नाही तरच तो विषय काढायचा.

पथ्याने भागेल का? एलडीएलपुरतं उत्तर ‘नाही’. घरात सगळ्यांनी मनापासून पाळलं तरी पथ्याने एलडीएल फार तर १० ते १५ टक्के उतरतो. ११०चा ९५ होईल. पथ्याची खरी करामत ट्रायग्लिसराइड या रक्तातल्या दुसऱ्या चरबीवर दिसते, त्याकडे येतोच.

रिपोर्ट पुन्हा हातात घ्या. त्यातला एलडीएल बहुतेक मोजलेला नाही, काढलेला आहे. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, वजा करायचं आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा, हे १९७२चं फ्रीडवाल्डचं सूत्र. १८६ वजा ३४ वजा ४२ म्हणजे ११०. तुमच्या रिपोर्टमधला व्हीएलडीएल ४२ हा तो पाचवा भागच आहे, स्वतंत्र तपासणी नव्हे. ट्रायग्लिसराइड ४००च्या वर गेलं की हे सूत्र वापरायचंच नसतं. एलडीएल खूप खाली, ७०च्या आत, आणि ट्रायग्लिसराइड चढं असेल तेव्हाही ते एलडीएल प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतं. बाबांची गोळी लागू पडली की ते नेमके याच टप्प्यात येतील. म्हणून पुढच्या वेळी नॉन-एचडीएलवर नजर ठेवा. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केलं की झालं, वेगळे पैसे लागत नाहीत. आज ते १८६ वजा ३४, म्हणजे १५२ आहे. ते एलडीएलच्या मर्यादेपेक्षा ३० जास्त चालतं. एलडीएल ७०च्या आत हवा तर नॉन-एचडीएल १००च्या आत हवं.

बाबांच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं आहे, कारण त्यांचं ट्रायग्लिसराइड चढं आणि एचडीएल उतरलेलं आहे. आपल्याकडे पोट सुटलेल्या, शुगरच्या उंबरठ्यावरच्या माणसांत ही जोडी फार दिसते. अशा रक्तात एलडीएलचे कण लहान आणि संख्येने जास्त असतात. मालवाहू ट्रक धरा. रिपोर्टमधला एलडीएल एकूण माल मोजतो, ट्रक मोजत नाही. छोट्या ट्रकांतून तेवढाच माल नेला तर ट्रक जास्त लागतात आणि रक्तवाहिनीच्या भिंतीत घुसून बसतात ते ट्रक. ट्रक मोजायची तपासणी म्हणजे एपोबी, कारण प्रत्येक कणावर त्याचा एकच रेणू असतो. परवडत असेल तर गोळी स्थिरावल्यावर एकदा करून घ्या. अतिजोखमीच्या रुग्णात ती ६५च्या खाली असावी.

काकांचा रक्तस्रावाचा मुद्दा हवेतला नाही, म्हणून त्याला नीट उत्तर देतो. २००६ साली स्पार्कल नावाच्या चाचणीचे निकाल आले. नुकताच झटका किंवा टीआयए येऊन गेलेले, एलडीएल १०० ते १९० असलेले ४,७३१ रुग्ण त्यात होते, बाबांसारखेच. निम्म्यांना ॲटोर्वास्टॅटिन ८०, निम्म्यांना खोटी गोळी. सुमारे पाच वर्षांत मेंदूत रक्तस्राव झालेले स्टॅटिनच्या गटात ५५ आणि दुसऱ्या गटात ३३ निघाले. काकांनी ऐकलंय ते इथलंच. आता त्याच चाचणीतला दुसरा आकडा बघा: सर्व प्रकारचे झटके मिळून स्टॅटिनच्या गटात २६५, दुसऱ्या गटात ३११. रक्तस्रावाचे जास्तीचे २२ धरूनही झटके ४६ने कमीच. पुढे फ्रान्स आणि दक्षिण कोरियात झालेल्या चाचणीत ७०च्या आत एलडीएल ठेवलेल्या गटात हृदय-मेंदूच्या मोठ्या घटना ८.५ टक्के झाल्या, ९० ते ११०मध्ये ठेवलेल्या गटात १०.९ टक्के.

झटका एकाच प्रकारचा नसतो, इथेच घोळ होतो. बहुतेक झटके रक्तवाहिनी बंद झाल्याने येतात, काही ती फुटल्याने. पहिल्या प्रकारात चढा एलडीएल वैरी. दुसऱ्या प्रकारात काही मोठ्या निरीक्षणांत उलटं चित्र दिसलंय, अगदी कमी एलडीएल असलेल्यांत रक्तस्राव थोडे जास्त. पूर्वी झालेल्या मोठ्या पाहण्यांत सगळे झटके एकाच टोपलीत टाकले गेले, त्यामुळे कोलेस्टेरॉल आणि झटका यांचा संबंध फिका दिसायचा आणि ‘चरबीचा आणि लकव्याचा काही संबंध नाही’ असं लोक सांगत सुटले. बाबांना आधी मेंदूत रक्तस्राव झाला असता तर स्टॅटिनचा निर्णय डॉक्टरांनी वेगळ्या तराजूत तोलला असता. त्यांचा मामला मानेतल्या थराचा आहे. बंद पडण्याचे झटकेही सगळे चरबीचे नसतात. हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे तयार झालेली गुठळी मेंदूत गेली तर मुख्य औषध वेगळं असतं. एकदा काढलेला ईसीजी ठीक आला म्हणून ती शक्यता संपत नाही. २४ तास किंवा त्याहून जास्त वेळ ठोके नोंदवायचा होल्टर केला का, नसेल तर करायचा का, हे विचारून घ्या.

रक्तस्रावाची भीती असेल तर बीपीची काळजी करा. मेंदूतली रक्तवाहिनी फोडायला बीपीइतकं दुसरं काही कारणीभूत नसतं आणि झटक्याच्या एकूण हिशेबातही पहिला मान त्याचाच, चरबीचा नंतर. औषधाच्या दुकानात येता-जाता मोजलेला आकडा उपयोगाचा नाही. दंडावर बांधायचं मशीन घ्या (मनगटावरचं नको). खुर्चीला पाठ टेकून पाच मिनिटं स्वस्थ बसल्यावर, गोळीच्या आधी सकाळी दोनदा आणि रात्री दोनदा, असं आठवडाभर मोजून वहीत लिहा आणि वहीच डॉक्टरांपुढे ठेवा. चहा किंवा खर्रा झाला असेल तर अर्धा तास थांबून मोजा. लक्ष्य १३०/८०च्या आत. रक्त पातळ करायच्या दोन गोळ्यांपैकी एक साधारण तीन आठवड्यांनी, काही रुग्णांत तीन महिन्यांनी बंद करायची असते. त्यापुढे दोन्ही चालू ठेवल्यास फायदा थांबतो आणि रक्तस्रावाचा धोका मात्र वाढत राहतो. बाबांच्या कागदावर बंद करायची तारीख नसेल तर आजच विचारा. काकांना खरं तर हा प्रश्न सुचायला हवा होता.

आता पोटऱ्या. पत्रात एक तपशील राहिला आहे: दुखतं कधी? स्टॅटिनचं दुखणं बहुधा दोन्ही बाजूंना असतं, मांड्या-पोटऱ्यांत जडपणासारखं, बसल्यावरही जाणवणारं, आणि गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत येतं. पण ठरावीक अंतर चालल्यावर पोटरी आवळून येत असेल, थांबलं की दोन-चार मिनिटांत सुटत असेल आणि पुन्हा तेवढंच चालल्यावर धरत असेल, तर हे गोळीचं दुखणं नव्हे. पायाच्या रक्तवाहिनीतही मानेसारखाच थर असल्याची ती खूण आहे. तंबाखू घेणाऱ्यांत हे सर्रास सापडतं. तसं असेल तर स्टॅटिन सोडायचं कारण राहत नाहीच, उलट ती घ्यायचं दुसरं कारण मिळतं. बाबांना फुटाळा तलावाच्या काठाने चालवून बघा आणि किती अंतरावर, कोणत्या पायात दुखतं ते लिहा. डॉक्टर घोट्याचं आणि दंडाचं बीपी ताडून बघतील.

दुखणं पहिल्या प्रकारचं निघालं तर सीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम), टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि व्हिटॅमिन डी तपासतात. थायरॉइड मंद असेल तर एलडीएलही चढतो आणि स्टॅटिनने स्नायूही जास्त दुखतात. थायरॉइडच्या एका गोळीने दोन्ही तक्रारी सुटाव्यात असा हा दुर्मिळ प्रसंग, म्हणून टीएसएच चुकवू नका. सीके सामान्य मर्यादेच्या दहापटीवर असेल तरच लगेच बंद करायची वेळ येते. एरवी डॉक्टरांच्या सांगण्यावरून थोडे दिवस थांबवून कमी डोस किंवा रोसुवास्टॅटिन ५पासून सुरुवात करतात, हळूहळू वाढवतात आणि कमी पडेल तिथे एझेटिमाइब जोडतात. आणखी एक. साठ जणांवर झालेल्या एका चाचणीत, स्टॅटिन सोडून दिलेल्यांना काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी खोटी गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं दिलं गेलं. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास नोंदवला गेला त्याच्या सुमारे ९० टक्के खोट्या गोळीवरही होता. बाबा सोंग करतात असा याचा अर्थ नाही. दुखणं खरंच असतं, पण काकांचं भाकीत ऐकल्यावर पाय जास्त जाणवतो.

विसरभोळेपणा मोठ्या चाचण्यांत दिसलेला नाही. स्मृती जायची भीती असेल तर छोटे-छोटे झटके हे तिचं कितीतरी खात्रीचं कारण आहे. शुगरचं खरं आहे, पण माफक: २०१०च्या एकत्रित विश्लेषणात २५५ जणांनी चार वर्षं स्टॅटिन घेतली तेव्हा मधुमेहाचा एक रुग्ण जास्त निघाला, आणि हे बहुधा आधीच काठावर असलेले लोक असतात. मोठ्या डोसला प्रमाण थोडं वाढतं. बाबांची चरबीची जोडी बघता एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) आताच करा, पुढे वर्षातून एकदा.

खाण्याचं. तर्री पोह्यांत पोहे निरुपद्रवी आहेत, तर्रीवरचं तेल आणि त्यातलं मीठ नाही. हरभरे मात्र घ्यावेत, त्यातला विरघळणारा तंतू एलडीएल थोडा उतरवतो. गाडीवाल्याला ‘वरची तर्री नको, खालचा रस्सा आणि चणे’ असं सांगता येतं, तो हसेल एवढंच. सावजीचं खरं दुखणं मसाला नाही, तेलाचं माप आहे. तेलाचा एक मोठा चमचा म्हणजे सुमारे १२० कॅलरी आणि सावजी रस्सा एका चमच्यावर थांबत नाही. महिन्यातून एकदा, घरी, मोजलेल्या तेलात आणि चिकनचं सावजी करा. मटणाच्या चरबीचे तुकडे आधी काढले तर मटणही चालेल. दारूची सोबत असेल तर ती आधी सोडवा, ट्रायग्लिसराइड तिनेच सर्वाधिक उडतं. घरातलं तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर, यात फोडणी, तळण, सगळं आलं. महिन्याच्या सुरुवातीला माणशी तेवढंच तेल एका डब्यात काढून ठेवा, म्हणजे हिशेब आपोआप राहतो. ‘कोलेस्टेरॉल फ्री’ तेलाच्या बाटलीला भुलू नका, कुठल्याच वनस्पती तेलात नाव घेण्याइतकं कोलेस्टेरॉल नसतं. बघायची ती संपृक्त चरबी: शेंगदाणा तेलात ती साधारण पाचवा हिस्सा, पामतेलात निम्मी, तुपात साठ टक्क्यांच्या वर. वरणभातावर एक छोटा चमचा तूप चालेल, पोळीला, भाताला आणि पुन्हा शिऱ्याला नको. भजी-समोसे तळलेलं तेल दुसऱ्यांदा तळणाला वापरू नका.

जवस विदर्भाच्या घरात असतोच. भाजून भरड कुटलेला, रोज दोन चमचे, चटणीत घाला. अख्खे दाणे तसेच बाहेर पडतात. फायदा छोटा आहे, पण खरा. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल झटका टाळण्यासाठी आणू नका. मोठ्या डोसने हृदयाचे ठोके अनियमित होण्याचं प्रमाण वाढल्याचं दिसलंय आणि ते झटक्याचंच एक कारण. लसूण, सफरचंदाचं व्हिनेगर यांवर पैसे घालवायचे तर घाला, गोळीच्या बदली नकोत.

ट्रायग्लिसराइड २१० हा मात्र बाबांच्या हातातला आकडा आहे. साखर, संत्रा बर्फी, थंड पेयं, पांढरा भात आणि मैदा कमी केला, वजन पाच ते दहा टक्के उतरवलं, तर तो पाचव्या हिश्शाने तरी खाली येतो. कंबर ९० सेंटिमीटरच्या आत आणायची. ट्रायग्लिसराइड उतरवायला फेनोफायब्रेटची गोळी मागू नका. २०२२मध्ये पेमाफायब्रेट या त्याच कुळातल्या औषधाच्या मोठ्या चाचणीत ट्रायग्लिसराइड चौथ्या हिश्शाने उतरलं, पण झटके आणि हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. ट्रायग्लिसराइड ५००च्या पुढे गेलं तर गोष्ट वेगळी, तेव्हा स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो आणि औषध लागतं. एचडीएल वाढवायच्या गोळीच्या मागेही लागू नका. नायसिनने तो आकडा वाढतो, पण २०११ आणि २०१४च्या चाचण्यांत झटके काही कमी झाले नाहीत. एचडीएल ३४ का आहे याची उत्तरं कंबर, बैठक आणि खर्रा.

खर्ऱ्याबद्दल इथे तडजोड सुचवता येत नाही. तंबाखू घोटली तरी निकोटिन रक्तात जातं, बीपी आणि ठोके वाढवतं. ‘आता अर्धाच खातो’ याला अर्थ नसतो, पुडी तीच राहते आणि दिवस लांबतो. तारीख ठरवून पूर्ण बंद करा, पहिल्या दोन-तीन आठवड्यांसाठी निकोटिन गम चालेल का ते डॉक्टरांना विचारा आणि तोंडात टाकायला बडीशेप ठेवा, सुपारी नको.

संत्री खुशाल खाऊ द्या. गोळीशी भांडण असतं ते ग्रेपफ्रूटचं आणि काही प्रमाणात पपनसाचं. त्यातली द्रव्यं आतड्यातलं एक एन्झाइम अडवतात आणि ॲटोर्वास्टॅटिन रक्तात जास्त साचते. आपल्या नागपुरी संत्र्याचा त्यात दोष नाही. फळ खा, रस गाळून पिऊ नका, ट्रायग्लिसराइडवाल्याला ग्लासभर रस म्हणजे साखरच. फळापेक्षा औषधं जास्त सांभाळा: घसा धरला म्हणून कोणी क्लॅरिथ्रोमायसिन दिलं, किंवा नायट्यावर इट्राकोनॅझोल, तर ‘ॲटोर्वास्टॅटिन चालू आहे’ हे आधी सांगा. स्नायूंचा गंभीर त्रास बऱ्याचदा अशा जोड्यांतून होतो. गोळी सकाळी घेतली काय नि रात्री काय, फरक पडत नाही, रोज एकाच वेळी घ्या. मे महिन्यात पाकीट गाडीच्या डिक्कीत विसरू नका.

पुढची टेस्ट गोळी पुन्हा सुरू केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी, त्याच लॅबमध्ये. साधारणपणे उपाशी राहणं आवश्यक नसतं, पण बाबांचं ट्रायग्लिसराइड चढं आहे म्हणून दहा-बारा तास उपाशीपोटी द्या, पाणी चालतं. सर्दी-तापात, हॉस्पिटलमधून आल्याबरोबर देऊ नका. आजारपणात कोलेस्टेरॉल खोटं उतरतं आणि घरात ‘बघा, गोळीशिवाय कमी झालं’ असा जल्लोष होतो. सोबत एएलटी ही यकृताची तपासणी करा, सामान्य मर्यादेच्या तीनपटीच्या आत असेल तर यकृताची भीती नको. आकडा ७०च्या आत आला म्हणून गोळी थांबवायची नाही, तो गोळीमुळेच आलेला असतो.

आणि पुन्हा तसं झालं तर. तोंड वाकडं, हात ढिला, बोबडं बोलणं, एका डोळ्यापुढे अंधार, अचानक तोल जाणं, यांतलं काहीही, दोन मिनिटांसाठी का होईना: १०८ लावा. शेवटचे ठीक केव्हा दिसले ती वेळ लिहा, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. घरी ॲस्पिरिन जास्तीची देऊ नका, सीटी स्कॅन झाल्याशिवाय वाहिनी बंद झाली की फुटली हे कळत नाही. काही खाऊ-पिऊ घालू नका. मानेवाड्यावरून मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय) जवळ की एखादं खासगी, रात्री दोन वाजता सीटी आणि ते इंजेक्शन कुठे मिळतं, हे आजच फोन करून विचारा आणि नंबर फ्रिजवर लावा.

राहिला भाऊ. टेस्ट करावी, फक्त घाबरून नव्हे. बाबांना ६३व्या वर्षी त्रास झाला, त्याला ‘घराण्यात लवकर आलेला आजार’ म्हणत नाहीत. पुरुषात ती रेषा ५५ची आहे. लिपिड, शुगर, बीपी, कंबर एवढं एकदा मोजून घ्या. त्यात एलडीएल १९०च्या वर निघालं तर ते वंशातून आलेलं असू शकतं, मग तुम्हीही तपासा. एक खास तपासणी दोघा भावंडांनी आणि बाबांनी आयुष्यात एकदाच करावी: लिपोप्रोटीन ए. हा कण जन्मतः ठरतो, पथ्याने किंवा स्टॅटिनने उतरत नाही, आणि ५० मिलिग्रॅम किंवा १२५ नॅनोमोलच्या वर असेल तर धोका वाढवतो. रिपोर्टमध्ये एकक कोणतं ते वाचा, दोन्हींचा एकमेकांत सरळ गुणाकार करून हिशेब होत नाही. जास्त निघालं तर आज त्यासाठी रोजची गोळी नाही, पण बाकी सगळं, म्हणजे एलडीएल, बीपी, तंबाखू, इतरांपेक्षा दहा वर्षं आधी आवरायचं.